मामाचे सत्तेचाळीस फासे

२ मार्च

चि. मायक्रोमीटर हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आकडे ओळीत, समास सरळ आणि मायेचा शब्द शेवटी एकच. आईवर गेली नाहीस एवढं नक्की. ताई चार पानं लिहायची, त्यातली दोन माझ्या तब्येतीवर.

आता आपली कार्ड-फाशांची रग्बी. तू वीस, मी अठरा, घड्याळात सहा मिनिटं बाकी. 'पोस्टमन'चं कार्ड काढून त्याला डाव्या कडेने पळवला. फासा चार, तुझ्या बचावाने आडवा केला. मग स्क्रम, दोन्ही संघांची रेटारेटी. 'बैल' दोन. अगं, कारखान्याच्या संघात हा बैल तिघांना अंगावर घेऊन पुढे सरकायचा, आणि माझ्या टेबलावर दोन टाकतो! पुढे सहा, जरा बरं वाटलं. मग पुन्हा दोन, मग एक, आणि चेंडू तुझ्या हातात. नशीबच रुसलंय.

इकडे सगळं ठीक. हल्ली बल्ब मेले मंद निघतात, दोनदा बदलले. फोरमनने परवा माझा एक शाफ्ट परत पाठवला, जास्त कापला गेला म्हणून. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, आधी तुमचं मापक तपासा.

चाल लवकर कळव. आणि लोभ मापून देऊ नकोस, सढळ हाताने दे.

तुझा मामा

१३ मार्च

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

तुझे पाचही आकडे मान्य करून नोंदवले. माझे फासे पाच, तीन, सहा. त्यानंतर टॅकलला एक आला, म्हणजे नियमाप्रमाणे उंच टॅकलचा फाउल आणि तुला पेनल्टी. मिनिट शेवटचं आहे. किक बसली तर तू एकवीस-वीसने जिंकतोस, हुकली तर मी. किक कोणी मारायची ते तू ठरव. 'मी, वय चोवीस' हे कार्ड सोडून दुसरं तू काढणार नाहीस, असं मी धरून चालते. त्याला या अंतरावरून पाच किंवा सहा लागेल.

किक झाली की तुझा पितळी फासा मला पाठव. ज्याने त्याने आपल्या घरी फासा टाकायचा आणि पडला तो आकडा खरा लिहायचा, एवढ्यावर आपण चौदा वर्षं खेळतो आहोत. फासा मात्र तू लेथवर केल्यापासून एकदाही तपासलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेत गावभरची वजनं तपासणीला येतात, त्यात हाही होऊन जाईल. संशय नाही, नोंद असावी म्हणून.

आई विचारते, तू हल्ली एका ओळीवर दुसरी ओळ का लिहितोस. कागद वाचवतोस का, असं तिचं म्हणणं.

इकडचा लोभ आहे तसा आहे. तिकडचा तसाच राहावा.

भाची

२४ मार्च

चि. मायक्रोमीटर हिस अनेक आशीर्वाद.

हरलो. कार्ड अर्थात माझंच काढलं. चोवीस वर्षांचा, पोट नाही, डोक्यावर केस. तुझ्या मामीला म्हटलं, बघ, हा कसा मारतो. तिने भाजी चिरता चिरता विचारलं की हा माणूस तिला लग्नात का नाही मिळाला. टाकला फासा. चार. एकाने हुकलं! चषक घासूनपुसून पाठवतो. मी आठ वेळा जिंकलो, तू आता सहा.

फासा काडेपेटीत कापूस घालून सोबत दिला आहे. बघ तपासून, हौस आहे तर.

डाव्या अंगठ्याला पाच टाके पडले आहेत. लेथच्या चकपाशी, त्या फिरत्या जबड्यापाशी, हात जरा जास्त पुढे गेला. ताईला बोलू नकोस, ती पहिल्या गाडीने येईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, ती मला माझ्या मशीनवर उभ्याने काढायची आहेत. लेथवरून माणूस उठवला की गोदामात स्टुलावर बसवतात, माल मोजायला. तसला शेवट मला नको.

जिंकलीस म्हणून लोभ पातळ करू नकोस.

तुझा मामा

५ एप्रिल

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

फासा तपासला. कडा काटकोनात, वजनाचा तोल मध्यावर. सहाशे वेळा टाकला. तीन अठ्ठ्याण्णव वेळा आला, पाच एकशे चार वेळा. फासा निर्दोष आहे. काम चांगलं केलं होतंस.

जानेवारीपासून या सामन्यात तू मला सत्तेचाळीस आकडे कळवलेस. एक आठ वेळा, दोन पंधरा, चार सोळा, सहा आठ. तीन नाही. पाच नाही. असं आपोआप घडण्याची शक्यता जवळपास एकोणीस कोटींत एक. आधी वाटलं, तू मला जिंकवतो आहेस. राग आला, तसं पत्रही लिहून ठेवलं. पण मुद्दाम हरणारा माणूस आठ वेळा सहा कशाला कळवेल? मग फासा टेबलावर ठेवून बघत बसले. पाचातला मधला ठिपका झाकला की चार उरतात. तीनमधला झाकला की दोन. एकातला झाकला की काहीच उरत नाही, आणि फाशाला कोरी बाजू नसते हे तुला माहीत आहे, म्हणून तू तिथे एक लिहिलंस. म्हणजे मामा, हे तुला कळलेलं आहे.

बल्ब ठीक आहेत. फोरमनचं मापकही ठीक असणार. तुला मधोमध दिसत नाही.

हे मी आईला सांगितलेलं नाही, मामीलाही नाही. लेथ सुरू करू नकोस आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर सोळाव्या दिवशी मी तुझ्या दारात असेन. फोरमनला तू स्वतः सांगायचं आहेस. गोदामातल्या स्टुलाबद्दल मला काही करता येत नाही. तुझी दहा बोटं अजून जागेवर आहेत, मला त्यांची काळजी आहे.

आता किक. आधीचे सेहेचाळीस आकडे मी मान्य केले आणि आपण पुढे खेळलो, ते परत फिरत नाहीत. सत्तेचाळिसावा मी मान्य केलेला नाही. तो चार होता की पाच, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून विजय मी घेत नाही आणि तुला देतही नाही. किक पुन्हा. ठिपके तू चांगले खोल पाडले आहेस. मी डोळे मिटून शंभर वेळा वाचले, एकदाही चुकले नाही. बोटाने वाच. मामी साक्षीला. फासा सोबत आहे.

माझा लोभ कमी झालेला नाही. तुझाही होऊ नये.

भाची

१८ एप्रिल

चि. मायक्रोमीटर हिस अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या मामीचं, शब्द माझे. मधे ती स्वतःचं घुसडते आहे, ते ओळखून घे.

तुझं पत्र उन्हात धरून वाचायला मला एक तास लागला, आणि मग तीन दिवस ते खिशात ठेवून मी तुझ्यावर चिडून हिंडलो. कालची पोर मला आकडे शिकवते! सोमवारी मशीनपुढे उभा राहिलो. बटणावर बोट ठेवलं आणि चककडे पाहिलं. आजूबाजूचं सगळं दिसत होतं. चक तेवढा नव्हता. बटण न दाबता फोरमनच्या खोलीत गेलो. तो म्हणाला, त्याला वाटत होतं मी पिऊन येतो, आणि एवढ्या जुन्या माणसाला विचारायचं कसं म्हणून तो गप्प होता. त्यावर आम्ही दोघंही हसलो.

डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा गेला तेवढा गेला. डावा इंजेक्शनं घेऊन आहे तसा टिकेल. (मी मामी. मला न सांगितल्याबद्दल याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी इंजेक्शनला न्यायचं होतं, म्हणून बोलावं लागलं. तू याला खडसावलंस, बरं केलंस.)

स्टूल मिळालं. गोदामातलंच. एक पाय आखूड आहे. खाली लाकडाची चकती ठोकायला सांगितली, तर दोन मिलिमीटर जास्त जाड आणली. कसले कारागीर!

आता किक. मामी शेजारी बसली. टाकला फासा. तिने पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं, त्यावरून हुकली हे कळलं. तरी नियम म्हणून बोट फिरवलं. एक कोपरा. मग मध्य. मग समोरचा कोपरा. पुन्हा फिरवलं. मध्य होता, अगं! जानेवारीपासून हा मला भेटला नव्हता. मामी म्हणते, हरलेला माणूस एवढा खूश कशाला. तिला काय सांगू.

वीस-अठरा, तू जिंकलीस. चषक निघाला आहे. लोभ वाढव, आणि तुझ्या वहीत सत्तेचाळिसाव्या ओळीवर चार खोडून तीन लिही.

तुझा मामा