दुसरी घंटा

सोमवार, ५ जून

आलो एकदाचे! सामान उतरवलं, गॅस जोडला, पहिला चहाही झाला. साखरेचा डबा कुठल्या खोक्यात गेला ते देवालाच ठाऊक, म्हणून चहा बिनसाखरेचा प्यायलो. शाळेच्या मागच्या अंगाला शिक्षकांसाठी दोन खोल्या आहेत, त्या आम्हा मायलेकींना मिळाल्या. खिडकी उघडली की समोर शाळेचा लांबच लांब व्हरांडा, टोकाला चॅपल, आणि जिन्याच्या वळणावर टांगलेली पितळी घंटा. फरशी इतकी लख्ख पुसलेली, की चिमणी ओणवी होऊन तिच्यात आपला पडलेला दात बघत बसली.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. उंच, शांत, आवाज कधी चढत नसावा. मी इतिहास शिकवायचा, आणि शाळेला शंभर वर्षं होताहेत म्हणून स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहासही लिहायचा. मी म्हटलं, मी काही ख्रिस्ती नाही, मला तुमच्यातलं काय कळणार? त्या हसून म्हणाल्या, तेच बरं, कोऱ्या डोळ्यांनी बघाल.

चिमणी इथेच पाचवीत. जुन्या शाळेने तिला 'एका जागी बसत नाही' म्हणून काढून टाकलं होतं. खोटं नव्हतं ते. पोरीच्या पायाला भिंगरी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मोठ्या सिस्टरना मी हे आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, होईल हो शांत, इथे सगळ्या होतात. ऐकून माझा जीव भांड्यात पडला. इथेही नाही टिकली तर तिला घेऊन मी जाऊ कुठे?

बुधवार, ७ जून

आज माझी चांगलीच फजिती झाली. बाराला मी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते. घंटेचा एक टोला पडला आणि वर्ग गप्प. मी मागे वळले तर सगळ्या मुली उभ्या, जिथल्या तिथे. एकीचा हात दप्तरात, एकीची वेणी अर्धी घातलेली. दाराबाहेर झाडूवाल्या मावशी वाकलेल्या त्या वाकलेल्याच. खालच्या नळाखाली बादली भरून पाणी वाहत होतं, पण नळ बंद करायला कोणी हललं नाही. मी खडू उचलायला वाकले आणि पन्नास डोळे माझ्याकडे बघताहेत हे जाणवलं. मग दुसरा टोला पडला आणि सगळं परत सुरू झालं.

मधल्या सुट्टीत शिवणाच्या बाईंनी उलगडा केला. दुपारची प्रार्थना ती. पहिली घंटा झाली की असाल तिथे थांबायचं, मनात प्रार्थना म्हणायची, दुसरी झाली की सुटलो. "पोरींचं स्टॅच्यू-ओव्हर असतं ना, तसंच धरून चाला," त्या डोळे मिचकावून म्हणाल्या. मला आवडलं हे. दिवसातून एकदा तरी सगळं जग गप्प बसतं म्हणजे काय चैन आहे!

गुरुवार, १५ जून

पाचवीच्या वर्गशिक्षिकेने चिमणीचं कौतुक केलं. मी दोनदा विचारलं, माझीच मुलगी ना? घरीही फरक दिसतो. जेवताना ताटावरून उठत नाही, सांगितलेलं ऐकते. शेजारीपाजारी मिरवावं असं वाटलं, पण इथे शेजारी म्हणजे सिस्टर.

घंटा देणारे काका ठार बहिरे आहेत. त्यांना 'पाणी कुठे मिळेल' विचारलं तर छत्री आणून दिली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, या कामाला आम्ही असाच माणूस ठेवतो, आधीपासून. किती दयाळू संस्था आहे, असं मी स्मरणिकेच्या टिपणात लिहून ठेवलं.

दुसऱ्या घंटेनंतर माझे पाय लगेच उचलले जात नाहीत. मुंग्या येतात. उभं राहायची सवय नाही, दुसरं काय.

शनिवार, २४ जून

कॉन्व्हेंटमधल्या थोरल्या सिस्टरना भेटले. नव्वदीच्या पुढच्या आहेत, चाकांच्या खुर्चीत बसून असतात, पण बोलणं खणखणीत. त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

त्या सहावीत असताना घंटा देणारी बाई आजारी पडली. त्या बाईलाही ऐकू येत नसे. बदली म्हणून एक तरुण सिस्टर दोरापाशी उभी राहिली. पहिली घंटा झाली. दुसरी झालीच नाही. सिस्टर दोर धरून उभी, आणि तिच्यासारखीच सगळी शाळा. पाचवीच्या शेजारी प्रयोगशाळा होती, तिथे बर्नर पेटता राहिला. धूर पाचवीत शिरला. दार सताड उघडं होतं. एकीनेही पाय हलवला नाही.

धूर पाहून रस्त्यावरची माणसं आत धावली. त्यांनी आधी पाचवीच्या मुली उचलून बाहेर नेल्या. मग कोणीतरी दोर ओढला, तेव्हा बाकीच्या सुटल्या. पाचवीची एकही वाचली नाही. थोरल्या सिस्टर सुटल्यावर पहिल्यांदा काय बोलल्या, तर आज जेवायला काय आहे.

मी विचारलं, रडलात का? त्या म्हणाल्या, नाही, रडू आलंच नाही. मग म्हणाल्या, आमच्या शाळेतला सगळ्यात शिस्तीचा वर्ग होता तो, पाचवीचा. हे प्रकरण स्मरणिकेत पहिलं घ्या.

मला धक्का बसायला हवा होता. मी वही मिटली, चहा प्यायले आणि उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या.

मंगळवार, २७ जून

चिमणीने भाजी निवडता निवडता सहज सांगितलं, की बाराच्या घंटेला त्यांच्या वर्गात मुली वाढतात. बाकांच्या मधल्या जागेत उभ्या असतात. दुसरी घंटा झाली की चिमणी आणि बाकीच्या खाली बसतात, त्या मात्र बसत नाहीत. मी म्हटलं, कोण गं त्या? तिला माहीत नाही. त्यांना बाहेर नेल्यावर घंटा झाली, त्यांची घंटा राहिलीच, एवढंच ती म्हणाली. बिचाऱ्या आहेत गं आई. एकट्या कशा उभ्या राहतील, म्हणून मी थांबते त्यांच्याबरोबर.

ती गोष्ट मी तिच्यासमोर कधीही काढलेली नाही.

सोमवार, ३ जुलै

चिमणीला शिस्तीचा बिल्ला मिळाला. सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

संध्याकाळी ती नळापाशी उभी होती. घागर भरून पाणी खोलीत आलं. हाक मारली, हलवलं, गालावर चापट मारली. डोळे उघडे. बऱ्याच वेळाने म्हणाली, झालं का गं? मी फरशी पुसली. तिने मदत केली.

शुक्रवार, ७ जुलै

मोठ्या सिस्टरना सांगितलं, मला मुलीला इथून काढायचंय. त्यांनी कारण विचारलं नाही. खुशाल न्या, म्हणाल्या. फक्त बाराच्या आत परत आणा. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, थकवा होता.

रविवार, ९ जुलै

काल पहाटेच दादाकडे निघून गेलो. दादा माझा सख्खा भाऊ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो. वहिनीने प्रेमाने वाढलं. चिमणी बडबडली, हसली, मला वाटलं सुटलो बाई. बारा वाजले. तिचा घास तोंडाशीच राहिला. तिथे ना घंटा, ना काही.

दादाने तिला गदागदा हलवलं. डॉक्टरला बोलावलं, तो म्हणाला नाडी ठीक आहे. वहिनी रडायला लागली. मी शांतपणे पिशवी भरली. मला कळलं होतं. मुलीला बाहेर आणलं आणि तिची दुसरी घंटा राहिली.

दादाने उचलूनच गाडीत ठेवली. शाळेच्या खोलीत परत आणली, रात्रभर तशीच. आज दुपारी दुसऱ्या टोल्याला तिचा हात खाली आला. घास केव्हाच वाळला होता. तो तिने खाल्ला.

मंगळवार, ११ जुलै

काकांना खुणा करकरून सांगितलं. पाचवीतल्या त्या मुलींसाठी एकदा जास्तीची घंटा द्या. त्या गेल्या तर माझी थांबायची नाही. त्यांनी मान हलवली. बोटाने आपला कान दाखवला, मग माझा. मग हात जोडले.

मला वाटलं, ऐकू येत नाही असंच सांगताहेत.

बुधवार, १२ जुलै

चिमणी आज दुसऱ्या घंटेनंतर बसलीच नाही. वर्गात उभी आहे. वर्गशिक्षिका तिच्या बाजूने जाऊन फळा पुसते. मुली तिला वळसा घालून जातात. कोणाला काही वाटत नाही. मलाही धड रडू येत नाही. माझी लेक आहे ती. मला ती हवी आहे, दंगा करणारी, डोकं उठवणारी, कशीही.

काका पोस्टात गेलेत. जिन्याच्या वळणावर त्यांच्या स्टुलाशी उभी राहून लिहिते आहे. इथून पाचवीचं दार समोर दिसतं, चिमणीची पाठ दिसते. वही कठड्यावर ठेवली आहे. दोर डाव्या हाताला.

ठरवलंय. दोनदा द्यायची. एक थांबायची, एक सुटायची. चिमणी सुटेल, त्याही सुटतील. दोन टोले, संपलं. साधी गोष्ट आहे.

दिली पहिली.

सगळं थांबलं. व्हरांड्यातल्या सिस्टर. फाटकाशी पहारेकरी, कुलपाला किल्ली लावलेली. शिवणाच्या बाई पायरीवर, एक पाय वर.

आता दुसरी —

हात येत नाही.

दोर मुठीत आहे. खांद्यापासून पुढे माझं काही नाही. पाय नाहीत. मान नाही. उजव्या हाताची बोटं चालताहेत, बाकी —

कान. काकांनी कान दाखवला होता. ज्याला ऐकू येतं त्याने घंटा द्यायची नाही. त्या तरुण सिस्टरला ऐकू येत होतं. मलाही — किती मूर्ख मी —

पाचवीत हालचाल आहे. चिमणी नाही. तिच्या आजूबाजूच्या. त्या बसताहेत. एकेक करून खाली बसताहेत, बाकांवर, पोरींच्या मध्ये. त्यांना ही घंटा पोचली.

चिमणी उभीच.

कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातून वास येतोय. दूध उतू गेल्याचा. कोण उतरवणार —

फाटक वाजतंय. काका आले. बाहेरून धडका देताहेत. कुलूप आतून. किल्लीवाला हलत नाही. मी ओरडले तरी त्यांना —

आणि तोंडही —

दुधाचा वास नाही आता. कापड जळतंय. व्हरांड्याच्या त्या टोकाला धूसर —

पाचवीचं दार सताड उघडं आहे —

चिमणे, पळ गं. आई सांगतेय. घंटेचं नको ऐकू, माझं —

बोटं जड —

दोर मुठीतच आहे. नुसता खाली ओढायचा —

नुसता —