बाबांच्या गिटारीत अडकलेली अंगठी

नरेल,

बाबांची गिटार टेबलावर टॉवेलात गुंडाळून ठेवलीय. साठ वर्षांची म्हातारी पुन्हा बोलायला लागलीय, शनिवारी टॅमवर्थच्या हॉलमध्ये बिनधास्त वाजव. त्यांच्या कोपराने जिथे रंग उडालाय, तिथे मी पॉलिश लावलेलं नाही.

माझ्या बोटात लग्नाची अंगठी नाही, हे शेजारच्या बेरिलने तुला फोन करून सांगितलं असेलच. खरंय ते. पण आवाजाचं बटण आतून जागेवर बसवायला मी गिटारीच्या लांबट भोकात बोटं घातली, आणि अंगठी आतच राहिली. तू बहिणीकडे गेल्यापासून तीन आठवडे टोस्टवर आहे, बोटं बारीक झालीत.

मग गिटार उलटी धरून गदागदा हलवली. बेरिल कुंपणावरून ओरडली, "अरे मर्व्ह, सासरा गेला तरी तुझा राग गेला नाही का रे?"

शेवटी दोऱ्याला लोहचुंबक बांधून आत सोडलं. अंगठी चिकटेचना! 'जावयाने लोखंडाला सोन्याचा मुलामा देऊन आणलीय' असं बाबा सोळा वर्षं म्हणायचे ना? आता कळलं असेल त्यांना. म्हणून तर सोडत नाहीयेत.

दातांच्या डॉक्टरकडे वाकडा चिमटा मागायला चाललोय. पाचपर्यंत येतो. थांबशील?

घाई असेल तर गिटार तशीच ने. शनिवारी वाजवताना आत काही खुळखुळलं तर थांबू नकोस. मी हॉलमध्ये मागे उभा असेन.

मर्व्ह