कंगव्याला चिकटलेला कपटा

३ जानेवारी, सकाळ
बायको तिच्या बहिणीकडे जाऊन राहिली, त्याला आठवडा झाला. काळजीचं कारण नाही. नववीच्या पोरांना मी दरवर्षी शिकवतो, विरुद्ध चार्ज एकमेकांना ओढतात. मी बोलका, ती अबोल. झक मारत येईल. संकल्प: आपण फोन करायचा नाही.

३ जानेवारी, संध्याकाळ
फोन केला. मेहुणीने उचलला. ताई अंघोळीला गेली आहे म्हणाली.

४ जानेवारी
पुन्हा केला. अजून अंघोळच.

९ जानेवारी
चूक सापडली. अंतर! अंतर निम्मं केलं की ओढ चौपट होते. म्हणून मेहुणीच्या घरासमोर जाऊन उभा राहिलो. बायको गॅलरीत आली, मला पाहिलं आणि ओलेच कपडे दोरीवरून काढून आत गेली. साडू खाली येऊन म्हणाले, घरी जा, सर्दी होईल. साडूंना सायन्समधलं ओ की ठो कळत नाही.

१५ जानेवारी
एकदाची फोनवर आली. मी शांतपणे समजावत होतो, तर मध्येच तोडून म्हणाली, उदाहरणं पुरेत, मुद्द्यावर या. अरे, हे तर माझं वर्गातलं वाक्य! वर माझ्या बोलण्यातल्या दोन चुका काढल्या. माझ्या हाताखाली चांगलीच तयार झाली आहे. अभिमान वाटला.
शनिवारी शिलाई मशीन न्यायला येणार आहे. मशीन हे निमित्त, शेंबडं पोरही सांगेल. संकल्प: लेक्चर द्यायचं नाही. फक्त एक छोटा प्रयोग.

शुक्रवार
रंगीत तालीम. कंगवा केसांतून फिरवला, एक कपटा हलेल तर शपथ. डोक्याला तेल! साबणाने धुऊन, वाळवून पुन्हा केलं. कागदाचे कपटे टणाटण उड्या मारून कंगव्याला चिकटले. पुढे बघत बसलो नाही, खुशीत चहा टाकायला गेलो.

शनिवार
आली. साडू खाली टेम्पोत. तिला बसवून कंगवा कपट्यांवर धरला. पहिला धावत येऊन चिकटला. म्हटलं, बघ, याला म्हणतात ओढ. तेवढ्यात तो उडून लांब जाऊन पडला. मागोमाग दुसराही. तिने विचारलं, हे असं का? मास्तर माणूस, खोटं सांगवेना. चिकटला की कंगव्याचाच चार्ज कपट्यात उतरतो, आणि सारखे चार्ज एकमेकांना दूर ढकलतात.
ती कपट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुमचं शिकवणं आज पहिल्यांदा समजलं. कागदाला लगेच कळलं, मला बावीस वर्षं लागली.
मशीन उतरवायला मीच हात लावला. वर आलो आणि रडू आलं.

शनिवार, संध्याकाळ
कुठे चुकलं ते बघायला प्रयोग पुन्हा करणार होतो. कंगवा सापडेना. तिचाच होता, घेऊन गेली.