दिवा कुठल्या दिशेला

फूलबाडी, आसाम

सौ. बनूस, मायेचा नमस्कार.

मी खुशाल आहे, खोकलाही बराच उतरलाय.

एकाहत्तरच्या लढाईत तू पत्रातून विचारायचीस, "आवं, कुठं हाय तुमी? सांजचा दिवा कुठल्या दिशेला दावू?" आमचं विमानतळ गुपित, लिहायची बंदी. मग तू चारी दिशांना दिवा दाखवलास. परत आल्यावरही मी गुपित पाळलं, अन् तू अजून दाखवतेस.

आज नातवानं, ऋषिराजनं, मला तिथंच आणलं. विमानं कधीच गेली. धावपट्टीवर बायका भात वाळवतायत. दाणे टिपायला पाखरं उतरली, तशी शाळेतली पाखरांची कविता म्हणायला लागलो, पण दुसऱ्या ओळीलाच ती सोडून तुला पत्र लिहायला बसलो.

तुझा गुडघा कसा आहे? आता दिवा घेऊन गोल फिरू नकोस. मी पूर्वेला होतो गं.

तुझाच,
मानसिंग