शेख मुतवल्लींसाठी दोन व्हॉल्व्ह

तांता, गुरुवार २ ऑक्टोबर १९५८

बाबा हो म्हणाले! म्हणजे — मान हलवली.

घशाच्या शस्त्रक्रियेला सात महिने झाले. आवाज उरलाय तो नुसती कुजबुज. आणि दोन आठवड्यांनी शेख सुवैलिमांचा उरूस. चाळीस वर्षं तिथलं पहिलं स्तोत्र बाबांचं. यंदा दुसऱ्या कुणाला बोलवायचं चाललंय, असं दर्दीरीचाचा सांगून गेले — बाबांच्या साथीला बासरी वाजवत म्हातारे झालेले.

मी म्हटलं, "मी ॲम्प्लिफायर करून देते."

"भाड्याचे मिळतात की," बाबा कुजबुजले. "आवाजाआधी त्यांची घरघरच ऐकू येते."

खरं आहे. म्हणूनच भाड्याचा नको.

४ ऑक्टोबर

उस्ताद बिशारांना विचारलं, दुकान बंद झाल्यावर तासभर दुरुस्तीचं बाक वापरू का?

"इन्साफ, तीन वर्षं माझे रेडिओ दुरुस्त करतेस, आणि बाकासाठी परवानगी?" मग गंभीर झाले. "पण बघ हं. घरघर आली तर लोक हसतील. आणि तुझे बाबा पुन्हा तोंड उघडायचे नाहीत."

माहीत आहे मला.

पुश-पुलच करायचं. दोन मोठे व्हॉल्व्ह, रेडिओत असतात तशा काचेच्या नळ्या. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो — मोठी करवत दोघांनी धरावी तसं. दोघांतून सारखाच प्रवाह गेला, तर विजेची घरघर ट्रान्सफॉर्मरमध्ये आपसातच जिरते. सारखा गेला तर!

७ ऑक्टोबर

नाही गेला. एकातून अठ्ठावन्न मिलिअँपिअर, दुसऱ्यातून एकतीस. भोंग्यात मधमाश्यांचं पोळं.

८ ऑक्टोबर

चूक माझीच. दोघांना एकच बायस दिला होता. एका खोक्यातले असले तरी दोघांचे स्वभाव वेगळे! बायस म्हणजे लगाम — उणे व्होल्टेज वाढवलं की प्रवाह आवरतो. आता प्रत्येकाला वेगळा लगाम, तो कमी-जास्त करायला वेगळी खुंटी.

११ ऑक्टोबर

सगळं बिघडलं. एका खुंटीचा आतला स्पर्श सुटला, बायस गेला, आणि व्हॉल्व्हमधला पत्रा लालभडक! बटण बंद करेपर्यंत व्हॉल्व्ह गेला. बाकावर डोकं ठेवून रडले.

उस्ताद बाजूला वालाची उसळ खात बसले होते. "झालं रडून? मग खुंटीला एक रेझिस्टन्स लाव. पुन्हा स्पर्श सुटला तर पूर्ण उणे व्होल्टेज मिळेल. व्हॉल्व्ह झोपेल, जळणार नाही."

आणि खिडकीत विक्रीला ठेवलेल्या रेडिओग्राममधला व्हॉल्व्ह काढून माझ्या हातावर ठेवला.

१३ ऑक्टोबर

चाळीस आणि चाळीस!! अर्धा तास तापू दिलं — तरी चाळीस, चाळीस. भोंग्याला कान लावला. काहीच नाही.

उस्ताद म्हणाले, "चालू केलंयस ना?"

१४ ऑक्टोबर

गच्चीवर भोंगा, खोलीत बाबा. मायक्रोफोनकडे संशयाने बघत कुजबुजले, "पोरी, मेथीचा काढा आण."

गल्लीच्या टोकावरून कुठलीशी बाई ओरडली, "आणते हो, शेखसाहेब!"

सात महिन्यांत पहिल्यांदा हसले बाबा.

१६ ऑक्टोबर

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर मांडवात गेलो. बाबांना पहिला मान नाही, तिसरा. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "शेख आता खोक्यातून गाणार!" लोक हसले.

मग त्यांनी सुरुवात केली. मी बाबांकडे बघू शकले नाही — त्या दोन तांबूस व्हॉल्व्हकडेच बघत बसले. घरघर नाही. बाबांचा श्वास, ओठ मिटल्याचा आवाजसुद्धा मांडवाच्या शेवटापर्यंत. दर्दीरीचाचांनी मध्येच बासरी खाली ठेवली, म्हणाले नंतर, "वाजवून मध्ये कशाला येऊ?" चहावाला ट्रे घेऊन तिथल्या तिथे उभा.

संपलं. मग एकच गलका — "अल्लाह! शेख मुतवल्ली, पुन्हा! पुन्हा!"

तीनदा म्हणावं लागलं.

१९ ऑक्टोबर

कैरोच्या डॉक्टरांचं पत्र आलं. दुसरी शस्त्रक्रिया केली तर पूर्वीचा आवाज बहुतेक परत येईल! मी धावत जाऊन वाचून दाखवलं.

बाबांनी पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "कळव त्यांना, नको. चाळीस वर्षं मी देवाला हाका मारत होतो. यंदाच्या उरसात पहिल्यांदा त्याच्याशी बोललो."