रिकाम्या खुर्चीपुढची ताटली

कट्टा,
१२ जानेवारी २०२५

चि. कौस्तुभ,

ताईचे आशीर्वाद. इकडे आई आणि मी खुशाल आहोत. हे वाक्य दोनदा वाच. फोन केला की 'गिऱ्हाईक आहे, नंतर करतो' म्हणतोस, म्हणून हे पत्र सत्यवानाच्या रिक्षातून पाठवते आहे.

शुक्रवारी तोंडवलीला तुझ्या हॉटेलात बोलावलंस, मानाने बसवलंस, बरं वाटलं. जपानात घालवलेली वर्षं फुकट गेली नाहीत. एका लाकडी फळीला लागून आठच खुर्च्या, पलीकडे सुरी घेऊन तू, कुणी मोठ्याने बोलत नाही. व्हिनेगरात मुरवलेला बांगडा भाताच्या एवढ्याशा मुटकुळ्यावर ठेवून तू थेट माझ्या हातात दिलास. मी कच्चा बांगडा खाईन असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. वाइनही चांगली होती. शाळेत कळलं तर माझी काय शोभा होईल, पण घेतली.

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. प्रत्येक पदार्थाचा पहिला घास तू तिच्यापुढच्या ताटलीत ठेवत होतास. मी काय समजले, सांगू? आपल्याकडे घरचं माणूस जेवायला नसलं की त्याचा वाटा आधी काढून ठेवतात, तसा तू आईचा काढतो आहेस. धंदा नवा आहे म्हणत वर्षभर तू तिला भेटायला आला नाहीस, त्याचा राग माझ्या मनातून तिथेच उतरला. तो वाटा तिला न्यायला पिशवीतला डबा काढून मांडीवर घेऊन बसले होते रे मेल्या.

मग शेजारच्या पुण्याच्या बाईंनी विचारलं, हे कुणासाठी?

तू सुरी पुसत म्हणालास, "माझ्या आईसाठी. मासा कापायला तिनेच शिकवलं. ती आता नाही, पण पहिला घास तिचा." बाईंनी डोळे टिपले. त्यांच्या नवऱ्याने आणखी एक बाटली मागवली. तू माझ्याकडे बघितलंस आणि गुपचूप माझा पेला भरलास.

कट्ट्याहून तोंडवली अशी किती लांब आहे? जिवंत आईचं पान मांडतोस आणि त्यावर वाइन खपवतोस. लाज वाटत नसेल तर निदान भीती तरी वाटू दे.

डबा रिकामाच परत आणला. मेलेल्याच्या नावाने काढलेलं मी तिला कसं भरवणार? ती पडवीत वाट बघत बसली होती.

"कौस्तुभान काय धाडल्यान गो?"

"सगळा संपला," मी म्हटलं.

ती उलट खूश झाली. "म्हणजे धंदो बरो चलता. माका पण व्हर गो एकदा थंय."

मी आत जाऊन रडले. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

तर तिनेच 'मला ने' म्हटलंय, म्हणून येत्या शनिवारी संध्याकाळी मी तिला घेऊन येते आहे. तिने ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात घातलंय. तू जिच्यापुढे ताटली मांडतोस त्याच खुर्चीवर तिला बसवीन. गिऱ्हाईक विचारील, या कोण? मी तोंड उघडणार नाही. आई तुझ्याकडे बघत असेल. उत्तर तू द्यायचंस, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

अजून तरी तुझी ताई,
सुगंधा