काजळी धरलेले चमचे

ता. ४ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

अकरा वर्षांनी या घरातून पत्र येतंय, तेव्हा फोडण्याआधी तुम्ही पाकीट उलटसुलट करून पाहिलं असणार. आधी बातमी सांगते. बाबांना वीस दिवसांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं टळलं, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही. दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणतात. आजीच्या आजारपणात बाबांनी तुम्हाला उशिरा कळवलं आणि तुम्हाला तिचं तोंडही दिसलं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून वेळ आहे तोवर मी कळवतेय.

ते दिवसभर खिडकीतून तळ्याकडे बघत बसतात. मी ठरवलंय, चाकाच्या खुर्चीतून त्यांना काठावर न्यायचं आणि त्यांच्यासमोर मीच गळ टाकायचा. मासा मला आजवर ताटाबाहेर भेटलेला नाही! त्यांच्या डब्यात पत्र्याची तीसेक खोटी आमिषं आहेत, चमच्याच्या आकाराची. दुकानदार मात्र रंगीबेरंगी रबरी मासे घ्या म्हणून मागे लागलाय. काय निवडू? बाबांना विचारायची सोय नाही, आणि दुसरं माहीतगार माणूस तुम्हीच.

तुमची पुतणी,
भिंगरी

ता. ११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू चमच्यांबद्दल विचारलंस, मी चमच्यांबद्दल सांगतो. बाकीचं वाचलं.

दुकानातलं काही घेऊ नकोस. ते रंग गिऱ्हाइकाला भुलवायला असतात. पाणी गढूळ असेल तर चकचकीत आमिष लागतं, कारण माशाला ते दिसायला तर हवं. तुमचं तळं नितळ आहे. तिथे चकाकी दिसली की मासा बिचकतो. म्हणून डब्यातले काळे चमचेच घे. ते मळलेले नाहीत, तुझ्या बापाने मुद्दाम काळे केलेले आहेत. नवख्याने बोटाच्या पेरापेक्षा मोठा चमचा घेऊ नये. लांब फेकायची हौस आवर आणि दोरा सावकाश गुंडाळ. तुझा धांदरट स्वभाव मला माहीत आहे.

माझं दुकान बरं चाललंय. डोळे साथ देतात तोवर लोकांची घड्याळं चालतील.

काका

ता. १६ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार दिवस उशिरा आलं हो! प्रयोगशाळेत माझं कामच काचेच्या नळ्या घासण्याचं. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. बाबा खूश होतील म्हणून मी सगळेच्या सगळे चमचे स्पिरिटने धुतले, ब्रशने घासले आणि आरशासारखे करून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी एकेक उचलून पाहिला आणि ते रडायला लागले. मला वाटलं, आनंदाने रडतायत. मी मूर्खासारखी हसत उभी होते.

आता मला लाज वाटते. त्यांच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं आणि जे होतं ते मी पुसून टाकलं. पुन्हा काळे कसे करायचे ते लिहा. नाहीतर, काका, येऊनच दाखवा ना. बसने सहा तासांचाच रस्ता आहे.

भिंगरी

ता. २१ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रडू नकोस. मेणबत्ती लाव, चमचा चिमट्यात धर आणि ज्योतीच्या टोकावर फिरवत राहा. काजळी सगळीकडे सारखी धरली पाहिजे. निवला की वॉर्निशचा पातळ हात दे आणि रात्रभर टांगून ठेव. त्यात अवघड काही नाही.

येण्याचं म्हणशील तर मला जमणार नाही. आई गेली तेव्हाही बस सहाच तासांची होती, पण मला कोणी बोलावलं नाही. तुला त्रास नको म्हणून कळवलं नाही, असं तो म्हणाला होता. मीही त्याला त्रास देत नाही. तू चांगली मुलगी आहेस, यात पडू नकोस.

काका

ता. २८ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहिला चमचा झकास काळा झाला. वॉर्निश लावण्याआधी बाबांना दाखवायला नेला, तर त्यांनी डाव्या हाताची करंगळी त्याच्या मधोमध टेकवली आणि काजळी पुसून एक ठिपका केला. बिघडला म्हणून मी तो पुन्हा काळा केला. त्यांनी पुन्हा करंगळी टेकवली. तिसऱ्यांदा माझ्यावर डोळे वटारले, अगदी पूर्वीसारखे!

मग मला आठवलं, मी घासले त्या प्रत्येक चमच्यावर मधोमध तेवढाच फिकट ठिपका होता. मी समजले, वापरून झिजलाय. काल त्यांनी एका बैठकीत अकरा चमच्यांवर करंगळी टेकवली. मी अंगठा टेकवून पाहिला तर त्यांनी मान हलवून तो नाकारला. हे काय गौडबंगाल आहे? तुम्ही तर सगळीकडे सारखी काजळी म्हणाला होता.

भिंगरी

ता. २ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दुकान अर्ध्या दिवसातच बंद केलं.

मी दहा वर्षांचा होतो, तो सतरा. तो चमच्यांना काजळी धरत होता आणि मी मध्ये लुडबुड करून ओल्या वॉर्निशवर अंगठा ठेवला. त्याने माझा कान असा पिळला की संध्याकाळपर्यंत लाल होता. दुसऱ्या दिवशी सगळे चमचे रिकामे आले आणि माझ्या अंगठ्याचा तेवढा मासा घेऊन आला. त्यानंतर माझा अंगठा टेकल्याशिवाय त्याने एकही चमचा पाण्यात टाकला नाही. मी घर सोडलं तेव्हा हे संपलं, असं मी धरून चाललो होतो. तुला लिहिताना म्हणूनच ते सांगितलं नाही.

दहा वर्षांच्या पोराचा अंगठा मोठ्या माणसाच्या करंगळीएवढाच असतो, भिंगरी.

शनिवारी दुपारच्या बसने येतोय. त्याला आधी सांगून ठेव, एकदम समोर आलो तर सोसणार नाही, त्यालाही आणि मलाही. माझा अंगठा आता त्या मापाचा राहिलेला नाही. तरी एक चमचा नुसता काळा राहू दे, त्याला हात लावू देऊ नकोस. त्यावर काय टेकवायचं ते आम्ही दोघं बघू.

काका